कॅराव्हॅन पसंत करण्याआधी गाडीला विचारा

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातलं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, आई, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं. घरी लॅडर चासीची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल एसयूव्ही आहे. तिला ओढता येईल अशी जुनी, हलकी कॅराव्हॅन (चाकांवरचं छोटं घर) घ्यायची आहे. पाचगणी, महाबळेश्वर, कोयनानगर, कधी कुंभार्ली घाट उतरून कोकण, असा फिरण्याचा बेत. पाहण्यात तीन आल्या आहेत: सत्तरच्या दशकातल्या कॅनेडियन धाटणीची तेरा फुटी फायबरची, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली पंधरा फुटी ब्रिटिश, आणि ट्रॉली बनवणाऱ्या कारखान्यात जुन्या रूपात नव्यानं बांधून मिळणारी. गाडीच्या पुस्तिकेतले आकडे असे दिले आहेत: कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) १,८२० किलो, भरलेल्या गाडीची मर्यादा २,४५० किलो, गाडी आणि ट्रेलर मिळून ३,४५० किलो, ब्रेक असलेला ट्रेलर १,२०० किलो, बिनब्रेकचा ७५० किलो, आणि हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या) बॉलवर, म्हणजे गोळ्यावर, ७५ किलो.

आधी सरळ उत्तर. तेरा फुटी फायबरची घ्या. पण तिचा एसी उतरवून, प्रवासात पाण्याची टाकी रिकामी ठेवून, ब्रेक बसवून, आणि चासी-एक्सल खालून तपासल्यावरच. पंधरा फुटी सोडून द्या. तिसरी आज तयार आहे तशी घेऊ नका, वजन लिहून घेऊन बांधून मिळत असेल तरच विचार करा. असं का, ते आता सविस्तर सांगतो, कारण चौथी एखादी पाहण्यात आली तर हाच हिशेब तुम्हाला पुन्हा मांडता यायला हवा.

बहुतेक लोक १,२०० हा एकच आकडा लक्षात ठेवतात आणि तेवढ्या वजनाचा ट्रेलर शोधतात. पण कर्ब वेट सोडून उरलेल्या पाच आकड्यांपैकी जो सगळ्यात आधी संपतो तो खरा. तुमच्या बाबतीत आधी संपतो तो शेवटचा, बॉलवरचे ७५ किलो. गाडीत बसणाऱ्या पाच जणांचं वजन मिळून साधारण २६५ किलो धरू. गाडीतलं सामान, तंबू, बर्फाची पेटी ९०. हिचची लोखंडी चौकट २८. म्हणजे ट्रेलर न जोडता गाडी २,२०० च्या जरा वर जाते. बॉलवरचा ७२ किलोचा दाब (हा आकडा कसा येतो ते पुढे) गाडीच्या पोटातच मोजायचा असतो, म्हणजे २,२७५. मर्यादेपासून पावणेदोनशे किलो खाली, ठीक आहे. दोन्ही मिळून ३,४५० च्या आत राहायचं तर ट्रेलरला १,२०० पर्यंत जागा दिसते. पण दिसते म्हणून ती वापरायची नाही. ही मर्यादा गाडीला झेपण्याची आहे. ओल्या घाटात, मागे बस लागलेली असताना तुम्हाला आणि ब्रेकना झेपण्याची नाही. आपल्या घाटांसाठी भरलेल्या गाडीच्या चाळीस टक्क्यांच्या वर ट्रेलर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपात नवख्यांना गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपर्यंत चालेल असं सांगतात. ते सपाट, रुंद रस्ते आणि चांगले ब्रेक असलेले आधुनिक ट्रेलर गृहीत धरून. तो आकडा उचलून वाई-पाचगणीच्या मधल्या पसरणीच्या घाटात आणू नये.

आता ट्रेलरचं वजन. विकणारा ‘४५० किलो’ म्हणतो तेव्हा तो बहुधा माहितीपत्रकातला आकडा सांगत असतो: कारखान्यातून बाहेर पडलेली, रिकामी, कोरडी कॅराव्हॅन. पन्नास वर्षांत तिच्यावर काय काय चढलं ते मोजा. एक टनाचा खिडकीतला एसी ४५ किलो. बाजूचं गुंडाळता येणारं कापडी छत २०. शंभर ॲम्पिअर-अवरची साधी बॅटरी २८. कुजलेल्या फरशीवर दुसरा प्लायवुड ठोकला असेल तर आणखी २५. झाले ५६८. मग आपला संसार: चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. घरगुती मोठा सिलिंडर भरलेला असताना तीस. शेगडी-भांडी २५, गाद्या-पांघरुणं ३०, कपडे ४०, शिधा २५, टेबल-खुर्च्या २०, स्टेपनी-जॅक-हत्यारं ३०. एकूण ८०८ किलो. साडेचारशेची कॅराव्हॅन रस्त्यावर आठशेची असते, आणि हे कुणी काही चैन न करता.

म्हणून व्यवहार ठरवताना एक अट घाला: आधी वजनकाटा. साताऱ्यात आणि हायवेलगत काट्यांना तोटा नाही. खडी-वाळूचे, साखर कारखान्यांचे, कुठलाही चालेल. तीन पावत्या घ्यायच्या. पहिली: माणसं-सामानासह नुसती गाडी. दुसरी: ट्रेलर जोडलेला, पण काट्याच्या फळीवर फक्त गाडीची चाकं, ट्रेलरची चाकं बाहेर जमिनीवर. तिसरी: सगळं फळीवर. तिसरीतून पहिली वजा केली की ट्रेलरचं पूर्ण वजन. दुसरीतून पहिली वजा केली की बॉलवरचा दाब. मोठे काटे बहुधा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतात, त्यामुळे बॉलवरच्या दाबासाठी हा आकडा फक्त अंदाजाचा. तो नेमका मोजायला घरातला माणसं मोजायचा काटा पुरतो. सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जोडल्यावर कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) जितका उंच राहतो तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा, कपलर त्यावर टेकवा आणि वाचा. उंची चुकली तर वाचनही चुकतं. दाब काट्याच्या क्षमतेबाहेर असेल तर जाड फळी घ्या: एक टोक विटेवरच्या पाइपवर, दुसरं काट्यावरच्या पाइपवर, मध्ये अंतर तीन फूट. फळी ठेवून काटा शून्यावर आणा. कपलर विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर टेकवा. येणाऱ्या आकड्याला तीननं गुणा.

हा दाब एवढा महत्त्वाचा का, हे बैलगाडी भरलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात आणि गाडी त्यांच्या हातात राहत नाही. पुढं जास्त झाला की सगळं ओझं मानेवर. ट्रेलरचं अगदी तसंच. फरक एवढाच की उलाळ झालेला ट्रेलर साठच्या वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला तर गाडीचं मागचं अंग घेऊन फिरतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आडवा वारा असतो, हायवेवर मोठा कंटेनर शेजारून जाताना हवेचा धक्का बसतो. हेलकाव्याला सुरुवात करून द्यायला एवढं पुरतं. सुरू झालाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, हेलकाव्याच्या उलट फिरवू नका, गाडीचा ब्रेक कचकन दाबू नका, आणि वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्न तर अजिबात नको.

अमेरिकन-कॅनेडियन ट्रेलरना बॉलवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दाब लागतो, कारण एक्सल त्याच हिशेबानं मागे बसवलेला असतो. युरोपियन बनावटीच्या ५ ते ७ टक्क्यांवर नीट चालतात आणि त्यांच्या हिचही बहुधा ७५ ते १०० किलोच्या असतात. तुमच्या गाडीची मर्यादा युरोपियन पद्धतीची आणि पसंत पडलेली कॅराव्हॅन कॅनेडियन, इथेच खरी अडचण आहे. ८०८ किलोच्या दहा टक्के ८१, मर्यादा ७५. एसी काढला, पाणी मुक्कामी पोचून भरायचं ठरवलं, की ८५ किलो जातात आणि ट्रेलर ७२३ वर येतो. दहा टक्के म्हणजे ७२. बसलं. एसीसाठी जीव तुटत असेल तर लक्षात घ्या, तुम्ही जाणार आहात पाचगणी-महाबळेश्वरला. तिथं रात्री खिडकीची जाळी आणि एक छोटा बारा व्होल्टचा पंखा पुष्कळ झाला.

सामान कुठं ठेवता यावरही हा दाब हलतो. एक्सल ते बॉल अंतर २.८ मीटर धरा. वीस किलोची हत्यारांची पेटी मागच्या भिंतीपासून अडीच मीटर पुढं सरकवली तर बॉलवर जवळजवळ अठरा किलो वाढतात. म्हणून जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढं, जमिनीलगत. वरच्या कपाटांत पांघरुणं आणि खाऊचे डबे, बास. मागच्या बंपरवर सायकली टांगण्याचा मोह मुलं असलेल्या घरात फार होतो. तीस किलो सगळ्यात वाईट जागी जातात. सायकली गाडीच्या टपावर. आणि हेही पाहा: बॉल मागच्या एक्सलपासून १.१ मीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस २.७ मीटर असेल तर ७२ किलोचा दाब मागच्या एक्सलवर १०१ किलो होतो आणि पुढची चाकं २९ किलोनं हलकी होतात. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते म्हणून चढाला हे पथ्यावर पडतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ओल्या वळणावर चढताना चाक घसरण्याचं कारण हेच.

आता ब्रेक. ७२३ किलो म्हणजे पुस्तिकेप्रमाणे बिनब्रेकचा ट्रेलर चालेल. तरी बसवा. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरच्या वर फरक आहे. तुमची गाडी आणि ट्रेलर मिळून २,९२५ किलो एवढं खाली उतरतात, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे साडेचार युनिट विजेएवढी भरते. दोन किलोवॅटचा गिझर सव्वादोन तास चालू ठेवावा तेवढी. त्यातला काही भाग इंजिन आणि हवा खाते, उरलेला चार चाकांच्या डिस्क-लायनरमध्ये उष्णता होऊन जातो. त्यात एक युनिटच्या वर वाटा एकट्या ट्रेलरचा. नुसत्या गाडीनं पसरणी उतरताना ज्याला ब्रेकचा वास येतो, त्याला ट्रेलरसह पेडल मऊ लागेल. उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर. वेग वाढला की ठाम ब्रेक मारून वेग खाली आणायचा आणि पाय काढून घ्यायचा. पाय टेकवून ठेवला की लायनरना निवायला वेळच मिळत नाही.

ट्रेलरचे ब्रेक दोन प्रकारचे मिळतात. ओव्हररन पद्धतीत ट्रेलर गाडीवर ढकलला गेला की कपलर आत दबतो आणि दांड्यानं ब्रेक लागतात. गाडीत काही बसवावं लागत नाही, म्हणून सोपी. दोष दोन: लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असतो, म्हणजे ते सतत घासत राहतात, आणि जुन्या बनावटीत रिव्हर्स घेतानाही ब्रेक लागतात, त्यासाठी कपलरजवळचा लॉकचा खटका टाकावा लागतो. वळणावर मागे-पुढे करायची वेळ येते तिथं तुमच्या सौ. किंवा कुणी तरी उतरून तो खटका टाकणार, हे आधीच ठरलेलं हवं. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर लागतो, पण ताबा तुमच्या हातात राहतो, आणि हेलकावा सुरू झाला तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावून तो सरळ करता येतो. मला इलेक्ट्रिक पसंत आहे. सुट्या भागांची सोय नसेल तर चांगला ओव्हररनही चालेल. दोन्हीत तुटल्यास-लागणारी तार हवीच: ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन ब्रेक लागले पाहिजेत. शिवाय दोन साखळ्या, कपलरखाली एकमेकींना फुली करून, म्हणजे सुटलेला दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत राहतो.

तेरा फुटी फायबरच्या कॅराव्हॅनची मूळ कल्पना कॅनडातल्या विनिपेगची. रे ओलेको यांनी १९६८ मध्ये बोलर नावानं ती आणली. त्याआधी ते फायबरच्या सेप्टिक टाक्या बनवत, आणि तीच युक्ती इथं आहे: वरचा आणि खालचा असे दोन साचे, कमरेला जोडलेले, डब्यावर झाकण बसवावं तसे. सांधे कमी म्हणून गळती कमी, लाकडी सांगाडा नाही म्हणून हलकी. याच जातीची स्कॅम्प अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजही बनते, त्यामुळे दार-खिडक्या-एक्सल यांची मापं आणि भाग मिळू शकतात; जुन्या वस्तूच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. जर्मन एरिबा दिसली तर तीही बघा. एरिक बाखेम आणि एरविन हायमर यांची, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर उचलता येणारं छप्पर. छप्पर खाली असताना वारा कमी अडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो, आणि डिझेलचा काटा ते लगेच दाखवतो. एअरस्ट्रीमची साठच्या दशकातली सोळा फुटी बॅम्बी दिसायला देखणी आहे, पण रिकामीच साडेआठशे किलोच्या आसपास. तुमच्या गाडीसाठी नाही.

फायबरचं अंग चकचकीत आहे म्हणून भुलू नका. या कॅराव्हॅनचं दुखणं खाली असतं. ट्रेलरखाली निजून, बॅटरी घेऊन, पुढचा दांडा जिथं वाकून अंगाखाली शिरतो ती जागा बघा. तिथला रंग तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. केसासारखी रेघ दिसली तर ती भेग आहे. या जातीच्या चासीला भेग जायची ती तिथेच, कारण दांड्याचा सगळा मुरडा तिथं एकवटतो. वरून पट्टी मारून वेल्ड केलेलं असेल आणि वेल्ड दांड्याला आडवं गेलेलं असेल तर तिथेच पुन्हा फुटणार. पट्टी लांब, टोकं तिरकी आणि वेल्ड लांबीच्या दिशेनं हवं. दुरुस्ती होते, पण विकणाऱ्याशी भाव त्या हिशेबानं करा.

एक्सल रबराचा असतो: नळीच्या आत रबराच्या कांड्या, त्यावर वळणारा हात. रबर वीस-तीस वर्षांत दगड होतं. ट्रेलर भरलेला असताना चाकाकडे जाणारा हात आडव्या रेषेच्या खाली झुकलेला हवा. आडवा झाला असेल किंवा वर गेला असेल तर रबर संपलं. मग प्रत्येक खड्डा थेट चासीला, आणि वरची भेग त्यातूनच येते. जागच्या जागी दुरुस्ती नाही, एक्सल बदलायचा. नवा घेताना क्षमता फार जास्त घेऊ नका. ७२५ किलोच्या ट्रेलरखाली दीड टनाचा एक्सल घातला तर तो दबतच नाही, आणि कपाटांचे रिव्हेट एकेक करून निघतात. हजार किलोचा पुरे.

बेअरिंग दोन्ही चाकांची उघडून बघायचीच, विकणारा काहीही म्हणो. रिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. जुनं ग्रीस रॉकेलनं पूर्ण धुवा, रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर आतली-बाहेरची रिंग दोन्ही बदला. लिथियमचं नंबर दोन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या सांध्यातून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरा. हब फिरवत नट घट्ट करा, मग पूर्ण ढिला करून बोटांनी येईल तेवढाच आवळा, नवी कॉटर पिन घाला. सील नवं. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय किंवा ब्रेक घासतोय. टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. उभ्या ट्रेलरचे टायर नक्षीतून नाही, बाजूच्या भेगांतून जातात. रिम बारा इंची असेल तर छोट्या हत्तीला लागणारे १४५ आर १२ एलटी, ८ पीआर जातीचे मालवाहू टायर सहज मिळतात. बाजूवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मात्र वाचून घ्या, आणि रिमचे बोल्ट किती, त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, हे मोजल्याशिवाय नवी रिम आणू नका.

अंगात पाणी शिरतं ते रिव्हेटांतून, छताच्या झरोक्याच्या कडेनं आणि खिडक्यांच्या रबरातून. गाद्या उचलून प्लायवुडच्या फरशीत कोपऱ्यांत आणि दारापाशी अरी टोचा. लोण्यात शिरावी तशी शिरली तर फरशी बदलायची. फायबर कुजत नाही, त्यामुळे हे काम दोन-तीन दिवसांत होतं.

पंधरा फुटीच्या बाबतीत तसं नाही. तिथं भिंतीचा जीवच लाकूड आहे. बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये सागाची नव्हे, तर देवदाराच्या जातीची बारीक पट्टी, आणि ती दिसत नाही. ओलावा मोजायचं यंत्र आणा. १५ टक्क्यांच्या आत चांगलं, २० च्या वर पाणी शिरतंय, ३० च्या पुढं लाकूड मेलं. महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळे काढलेल्या लाकडी कॅराव्हॅनमध्ये पुढच्या खिडकीखालचे दोन्ही कोपरे आधी जातात. पत्रा बोटानं दाबून मऊ लागला, आतल्या प्लायला फुगवटा आला, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर पत्रा काढून सांगाडा नव्यानं करावा लागेल. कुजलेलं लाकूड पाणी धरून ठेवतं, म्हणून ती माहितीपत्रकापेक्षा जडही झालेली असते. सांगितलेले ६५० किलो धरले तरी वर चढलेल्या वस्तू आणि संसारासह हजाराच्या वर जाणार. तिचं एक चांगलं आहे, दार डाव्या बाजूला आहे.

आणि हा मुद्दा कुणी बोलत नाही. ब्रिटिश कॅराव्हॅनचं दार डावीकडे, म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उघडतं. अमेरिकन-कॅनेडियनचं उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे धावत्या वाहतुकीच्या बाजूला. सात वर्षांचं मूल दार उघडून उडी मारणार आहे. दुसऱ्या बाजूला दार कापायचा विचार मनात आणू नका, फायबरच्या डब्याची ताकद त्याच्या अखंडपणात आहे. मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी उंचावर आतून कडी लावा, आणि रस्त्याकडेला थांबून कुणालाही आत-बाहेर करू देऊ नका. थांबा तो आवारातच.

कारखान्यात बांधून मिळणारीबद्दल. सांगली-साताऱ्यातले ट्रॉली बनवणारे लोखंडाच्या कामात पक्के आहेत, पण त्यांचा हात ऊस वाहण्यावर बसलाय. जाड अँगल, पाट्यांची स्प्रिंग, दहा टनाच्या सवयीचा एक्सल. कॅराव्हॅन रिकामीच अकराशेला जाते आणि पाटा एवढा कडक की रिकामा ट्रेलर उड्या मारतो. बांधून घ्यायचीच तर लिहून घ्या: रिकामं वजन ५५० किलोच्या आत, पावतीसह, एक्सल हजार किलोचा, दार डावीकडे, बॉलवर दाब ७५ च्या आत.

हिचकडे वळू. तुमच्या गाडीवर ५० मिलिमीटरचा बॉल येईल. जुन्या अमेरिकन कपलरची मापं पावणेदोन इंचांच्या किंचित वर, म्हणजे ४७.६ मिलिमीटर, किंवा दोन इंच, म्हणजे ५०.८. पहिल्यात ५० चा बॉल पूर्ण शिरतच नाही. कपलर वर टेकलेला राहतो, बसलाय असं वाटतं आणि पहिल्या उचक्याला सुटतो. दुसऱ्यात ०.८ मिलिमीटर सैल राहतो आणि खटखट करत झिजतो. जुन्या ब्रिटिश ट्रेलरवरही दोन इंची सापडतात. सोपा उपाय: कपलरच नवा, ५० चा, वजनाचा शिक्का असलेला बसवा. हिचची चौकट चासीला बोल्ट केलेली हवी, बंपरला नाही. जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा नाकाकडे किंचित खाली; नाक वर असेल तर पुन्हा उलाळच.

जुनी वायरिंग सगळी काढा. अमेरिकन ट्रेलरला ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच असतो, आपल्या गाड्यांना वेगळे. नुसत्या तारा जोडल्या तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मरतो. मागे नवे एलईडी दिवे, सात पिनांचा सॉकेट, आणि अर्थिंगची स्वतंत्र तार. बॉलमधून अर्थिंग मिळतं या भरवशावर राहिलं की ग्रीस लावल्या दिवशी दिवे मंद होतात. आतली ११० व्होल्टची उपकरणं आपल्या विजेवर जळतील. मुक्कामी वीज घ्यायची तर २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). गॅसची जुनी तांब्याची लाइन मुळीच वापरू नका. पाच किलोचा सिलिंडर घ्या, स्वयंपाक बाहेर छताखाली करा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो, म्हणून फरशीलाच जाळीची भोकं हवीत, छताचा झरोका त्यासाठी उपयोगाचा नाही. झोपायला चार जागा होतील, पाचव्यासाठी तंबू. आईंना खालचा दुहेरी पलंग द्या, मुलांना समोरची वर-खाली फळी.

कागदांची बाब शेवटी लिहितोय, पण पैसे देण्याआधी तीच बघा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसावा लागतो. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर केंद्राच्या वर्गवारीत बिगर-वाहतूक गटात आहे. चासीवर कोरलेला नंबर आरसी बुकाशी जुळवा, खडू घासून कागदावर छाप घ्या. भारतात कधीच नोंदणी न झालेली असेल तर ती कितीही स्वस्त असो, हात लावू नका. साताऱ्याच्या किंवा कऱ्हाडच्या आरटीओत जाऊन नाव बदलण्याची प्रक्रिया आणि गाडीला हिच बसवण्याबद्दल आधी विचारा, आणि विमा कंपनीकडून ट्रेलर जोडल्याची नोंद लेखी घ्या.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात रिव्हर्स. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. मग भरलेला ट्रेलर घेऊन पहाटे कऱ्हाडच्या दिशेनं जाऊन परत या, साठच्या वर नाही. वीस किलोमीटरवर हब, पन्नासवर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहा. नव्या रिमचे नट पहिल्या फेरीत हमखास सैलावतात. हे दोन-तीनदा निर्धोक झाल्यावर यवतेश्वरचा चढ, वाहतूक नसताना. पसरणी त्यानंतर, आणि कुंभार्ली पहिला पावसाळा उलटल्यावर.